उचलताना

निताराम नाकाडे दुकानात आला
तेव्हा मशीनवर वच्छलाबाईचा ब्लाऊज अर्धा होता.
खांद्यावर गिटार, युरियाच्या गोणीच्या खोळीत.
म्हणाला, ताई, तारा गप्प करायच्या हायेत.

मी म्हटलं, मंग नको वाजवू.

हसला नाही. स्टुलावर बसून सांगत राहिला.
वडशाच्या नाटक कंपनीत तो वाजवतो,
दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई असेल त्या गावी.
बासवाला भाचा हैदराबादेत टाइल्स बसवायला गेला,
मालक म्हणाला, दोघांचं तूच वाजव, पैसे एकाचेच.
तेव्हापासून तो तार छेडत नाही,
दोन्ही हातांची बोटं दांडीवरच आपटतो,
डावा खालचं, उजवा वरचं,
टायपिंगच्या क्लासातल्या पोरीसारखा.

"मारतो तवा बराबर वाजते जी.
उचलतो तवा गडबड होते."

बोट उठलं की तार मोकळी होते
आणि कुणी न विचारता बोलते.
तिचं ऐकून शेजारचीही,
जिला त्यानं हातसुद्धा लावलेला नाही.

हे मला समजलं. का समजलं, ते नाही सांगत.

चिंध्यांचा डबा ओतला टेबलावर.
अस्तर लावलं, दांडीच्या टोकाशी, पहिल्या पडद्याच्या आधी.
अस्तर म्हणजे नावालाच कापड, तारा जुमानेनात.
मखमल लावली, राजाच्या झग्यातली उरलेली.
बरी होती, पण बारीक तार तिच्या लवेत शिरून
माशीसारखी गुणगुणत राहिली.
रेक्झिन चुरचुरलं.
घट्ट बांधलं तर सूर चढायचा,
सैल सोडलं तर सगळं पहिल्यासारखं.
काजाच्या दोऱ्याचंही असंच असतं,
ओढ किती द्यायची ते बोटालाच माहीत,
सांगता येत नाही.

एकदा मी म्हटलं, टोकाशी कशाला, मधोमधच ठेवू की पट्टी,
आणि तारेच्या बरोबर मध्यावर
चिंधीचं टोक टेकवलं, हलकंसं.
त्यानं तार मारली.
तार गप्प झाली नाही.
देवळातली लहान घंटा वाजावी तशी वाजली,
पातळ, लांब, छपराच्या टिनापर्यंत.
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.
"अर्ध्या हातानं गप्प केलं का असंच होते," तो म्हणाला.

शेवटी बाबांचा मफलर कापला.
लोकर जुनी, धुऊन धुऊन नमद्यासारखी झालेली.
बोटभर रुंद पट्टी, दोन पदरी, कडेला टीप नाही,
कारण टीप टणक असते आणि तार टणकपणा ओळखते.
वरून प्रियांकाचं केसांचं रबर, जांभळं, दोन वेढे.

त्यानं डोळे मिटून दहा बोटं आपटली.
जे मारलं तेवढंच आलं.
बोट उठलं आणि मागे काहीच उरलं नाही.

मला जरा भीतीच वाटली.

मंडईच्या रात्री मी बायकांच्या बाजूला बसले होते.
पडद्यावर रंगवलेलं जंगल, त्यात लाल दिव्याखाली खलनायक,
आजूबाजूला फुटाण्यांचा वास, कुणाचं तरी पोर रडत होतं.
त्या गोंगाटात मी निताराम तेवढा ऐकत होते,
खालचा हात, वरचा हात,
आणि दोघांमधली ती जागा,
जिथं माझी पट्टी होती.
नायिकेला टाळ्या पडल्या. पडायलाच पाहिजेत, रडली छान.

नागपूरहून प्रियांकाचा फोन आला,
आई, माझं जांभळं रबर कुठं गेलं?
मी म्हटलं, नाटकात.
ती थोडा वेळ बोलली नाही. मग फोन ठेवला,
आणि घरात कितीतरी वेळ
तिचा आवाज राहिला.

होळीनंतर तो पट्टी बदलायला आला.
जुनी मी बटणांच्या डब्यात ठेवली आहे.
तिच्यावर सहा रेघा, लोखंडाच्या काळ्या,
जाड तारेची सगळ्यात खोल.